नाव बँकेचं, पत्ता भलत्याचा: आमच्या ऑफिसातली होस्ट्स फाइल

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. मांडवीतले कापडवाले, रावपुऱ्यातली फरसाणची दुकानं, एखाददुसरा शाळेचा ट्रस्ट, अशांची खाती आम्ही लिहितो, जीएसटी आणि टीडीएस भरतो. ऑफिसातला एक कॉम्प्युटर माझ्या जाऊबाईंकडून आलेला. त्या पूर्वी लग्नपत्रिका आणि मुंजीच्या आमंत्रणांची डिझाइनं करायच्या. ते काम त्यांनी थांबवलं आणि मशीन आमच्याकडे आलं. ज्या प्रकाराबद्दल लिहितेय तो याच मशीनवर घडला.

महिन्याची २० तारीख जवळ आली की आमच्याकडे कोणाला मान वर करायला फुरसत नसते, कारण बहुतेक दुकानदारांचा जीएसटीचा थ्रीबी रिटर्न त्या तारखेच्या आत जायला हवा असतो. अशाच एका दुपारी आमच्याकडे काम करणारी मुलगी ऑफिसच्या खात्यातून चलनाचे पैसे भरायला बँकेच्या साइटवर गेली आणि तिने हाक मारली, "ताई, जरा इकडे या, लाल पान आलंय." ब्राउझर सांगत होता की हे कनेक्शन सुरक्षित नाही, समोरचा सर्व्हर जे सर्टिफिकेट दाखवतोय ते या बँकेच्या नावाचं नाही. तिने पुढे काहीही दाबलं नव्हतं, युजर आयडीसुद्धा टाकला नव्हता. यासाठी तिचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. घाईच्या दिवसांत असल्या पानावर 'तरीही पुढे जा' शोधणारी बोटं मी पुष्कळ ऑफिसांत पाहिली आहेत.

आधी कॉम्प्युटरची तारीख-वेळ बघितली. घड्याळ मागे पडलं असलं तरी ब्राउझर सर्टिफिकेटची तक्रार करतो, हे मला ठाऊक होतं. घड्याळ बरोबर होतं. मग शेजारच्या मशीनवर तीच साइट उघडली. तोच वायफाय, तोच राउटर, आणि साइट विनातक्रार उघडली. म्हणजे दोष बँकेत नाही, राउटरमध्ये नाही, जे काही आहे ते या एका मशीनच्या पोटात आहे. मग त्या मुलीला आठवलं की या मशीनवरचा अँटीव्हायरस बरेच दिवस 'अपडेट होऊ शकलं नाही' असं म्हणतोय. त्याच्या कंपनीची साइट उघडून पाहिली, तर ती उघडेचना. बाकी सगळ्या साइट्स सुरळीत. नेमकी बँक आणि नेमका अँटीव्हायरस एवढ्यालाच अडचण यावी, हे मला योगायोगासारखं वाटलं नाही.

माझा भाचा कलाभवनात शिकतो, म्हणजे सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या आणि आता विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज असलेल्या कलाभवनात. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, त्या मशीनवरून आता कशातही लॉगिन करू नकोस. आणि फक्त दोन कमांड मारून मला काय येतं ते वाचून दाखव."

पहिली कमांड पिंग. ती नाव घेते, त्याचा आकड्यांतला पत्ता शोधते आणि त्या पत्त्यावर हाक मारते. बँकांचे सर्व्हर या हाकेला बहुधा ओ देत नाहीत, पण पहिल्याच ओळीत पत्ता छापला जातो आणि आम्हाला तेवढाच हवा होता. दुसरी कमांड एनएसलुकअप. तीही नावाचा पत्ता काढते, पण कॉम्प्युटरमधल्या कुठल्याही फाइलकडे न बघता थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या बाहेरच्या कॉम्प्युटरला, विचारते. दोघींनी वेगवेगळे पत्ते सांगितले. मोठ्या साइट्सचे पत्ते एकाहून अधिक असू शकतात, त्यामुळे नुसत्या फरकावरून काही सिद्ध होत नाही, हे भाच्याने तिथल्या तिथे बजावलं. म्हणून त्याच दोन कमांड चांगल्या मशीनवर चालवल्या. तिथे दोन्हींचं उत्तर एकच आलं. बिघडलेल्या मशीनवर मात्र पिंग पुन्हा पुन्हा करूनही तोच परका पत्ता येत राहिला. डीएनएसला बँकेचा खरा पत्ता माहीत होता, तरी कॉम्प्युटर त्याचं ऐकत नव्हता. त्याच्या आधी कोणीतरी त्याच्या कानात दुसरा पत्ता सांगत होतं.

"आता होस्ट्स फाइल उघड," भाचा म्हणाला.

हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. कोणत्या नावाचा पत्ता काय, याची कॉम्प्युटरची स्वतःची छोटी यादी म्हणजे ही फाइल. सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी नावाचा फोल्डर, आणि त्यात 'होस्ट्स'. पुढे डॉट टीएक्सटी वगैरे काही नाही, नुसतं नाव. डबल क्लिक केलं की विंडोज विचारतं, कशात उघडू? नोटपॅड निवडला. वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

फाइल उघडली आणि मला क्षणभर हायसं वाटलं, कारण तिच्यात संशयास्पद काही दिसेना. वर मायक्रोसॉफ्टचं नाव, खाली इंग्रजीत चार वाक्यं, प्रत्येक ओळ हॅशच्या चिन्हाने सुरू होणारी. भाच्याने सांगितलं की हॅशने सुरू झालेली ओळ कॉम्प्युटर वाचतच नाही, ती माणसांसाठी असते. तिथे नमुन्यादाखल दोन ओळी दिलेल्या असतात, एकीत 'रायनो डॉट ॲकमे डॉट कॉम' असं काल्पनिक नाव. शेवटी लिहिलेलं असतं की 'लोकलहोस्ट' या नावाचं काम डीएनएसच बघतं. आजच्या विंडोजमध्ये ही फाइल मुळात अशीच येते, म्हणजे तिच्यात कामाची एकही ओळ नसते. ही गोष्ट मला फार उपयोगी वाटली. बाकी कितीतरी सेटिंग्जबद्दल 'बरोबर काय' हेच आपल्याला माहीत नसतं. इथे हॅश नसलेली ओळ दिसली की विचारायचं, ही कोणी लिहिली आणि कशासाठी?

मी फोन ठेवणारच होते, तेवढ्यात उजवीकडच्या स्क्रोलबारकडे लक्ष गेलं. वीसेक ओळींच्या फाइलला हा इतका बारीक का? कंट्रोल आणि एंड दाबलं. मध्ये रिकाम्या ओळींचा मोठा पट्टा सोडून, पार तळाशी, खऱ्या ओळी होत्या. पहिल्या काही ओळींत एका डिझाइनच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरांची नावं, प्रत्येकापुढे १२७.०.०.१. मग आमच्या अँटीव्हायरसची नावं, त्यांच्यापुढेही तेच. आणि शेवटी आमची बँक, आणखी एक बँक, नावाच्या आधी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून आणि न लावता, आणि पुढे तोच परका पत्ता जो पिंगने दाखवला होता.

१२७.०.०.१ म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच. एखाद्या नावापुढे हा पत्ता लिहिला की त्या नावाकडे जाणारी विनंती बाहेर पडतच नाही, तिथल्या तिथे फिरून येते. अँटीव्हायरस बिचारा अपडेट मागायला निघायचा आणि स्वतःच्याच दारावर पोचायचा. बँकेच्या ओळी जास्त गंभीर होत्या. त्या विनंती अडवत नव्हत्या, भलतीकडे नेऊन सोडत होत्या.

रात्री घरी आल्यावर मला एकच प्रश्न छळत होता. साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडणारी, आणि तिचा शब्द डीएनएसच्या वर कसा?

उत्तर बरंच जुनं आहे. अमेरिकेत आर्पानेट १९६९ मध्ये सुरू झालं, तेव्हा जोडलेले कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके होते. पुढे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधलं नेटवर्क इन्फर्मेशन सेंटर सगळ्या जाळ्यासाठी मिळून एकच यादी ठेवू लागलं, 'होस्ट्स डॉट टीएक्सटी'. कोणत्या नावाचा पत्ता काय, एवढंच तिच्यात. नवं मशीन जोडलं की त्या केंद्राला कळवायचं, तिथल्या लोकांनी यादीत नाव चढवायचं, बाकीच्यांनी ती यादी वरचेवर उतरवून घ्यायची. त्या केंद्राच्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर होत्या. हे वाचून मला मनापासून आनंद झाला. दुसऱ्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं बिनचूक ठेवणं हे काय काम असतं ते मला माहीत आहे. जाळं वाढलं तशी एक यादी सगळ्यांना पुरेना, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. त्यात यादी एका जागी राहत नाही, प्रत्येक नावाची जबाबदारी वेगवेगळ्या सर्व्हरांकडे वाटलेली असते. पण प्रत्येक कॉम्प्युटरमधली ती छोटी यादी कोणी काढून टाकली नाही, कारण तिचा उपयोग संपला नव्हता. लिनक्स आणि मॅकवरही ती 'ईटीसी' फोल्डरमध्येच असते. विंडोजमध्ये ड्रायव्हर्सच्या आत 'ईटीसी' हे नाव आलं तेही युनिक्सच्या त्याच वळणावरून.

आणि क्रमही तोच राहिला. आधी आपली यादी, ती गप्प असेल तरच जगाला विचारायचं. फोनशेजारच्या वहीत डॉक्टरांच्या नावापुढचा नंबर खोडून कोणी दुसराच लिहून ठेवला, तर घरातलं माणूस विश्वासाने तोच फिरवेल. विंडोज तर होस्ट्समधल्या नोंदी डीएनएसच्या आठवणीत आधीच भरून ठेवतं. आयपीकॉन्फिगला 'डिस्प्लेडीएनएस' जोडून कमांड दिली तेव्हा आमच्या त्या सगळ्या ओळी तिथे रांगेत उभ्या दिसल्या.

आता सर्टिफिकेटबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्या दुपारी आमचे पैसे त्याने वाचवले आणि याबद्दल लोकांच्या मनात फार गोंधळ असतो. पत्त्याच्या पट्टीत बँकेचं नाव अक्षर न अक्षर बरोबर होतं. फसव्या लिंक ओळखायला आपण सगळ्यांना काय सांगतो? स्पेलिंग नीट बघा. इथे स्पेलिंग बघून काहीही कळलं नसतं. नाव खरं होतं, आणि खोटेपणा त्या नावामागच्या आकड्यांत होता, जे आपल्याला कधी दिसतच नाहीत. पण ब्राउझर नुसत्या पत्त्यावर भरवसा ठेवत नाही. एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित पद्धतीने, जोडताना तो समोरच्या सर्व्हरला विचारतो, तू याच नावाचा आहेस याचा पुरावा दाखव. पुरावा म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेने सही केलेलं सर्टिफिकेट, आणि त्याच्या जोडीची गुप्त किल्ली, जी फक्त खऱ्या बँकेकडे असते. होस्ट्स फाइलमध्ये चोराने काहीही लिहिलं तरी ती किल्ली त्याच्या हाती येत नाही. म्हणून लाल पान.

यालाही पळवाटा आहेत, आणि त्या माहीत असलेल्या बऱ्या. चोराने मशीनमध्ये शिरकाव केलाच असेल तर तो स्वतःची सही करणारी संस्थाही विंडोजच्या 'विश्वासू' यादीत घुसवू शकतो. मग त्याचं बनावट सर्टिफिकेट ब्राउझर मुकाट्याने मानतो आणि कुलूपही दिसतं. आमच्या मशीनवर भाच्याने ती यादी उघडून शांतपणे तपासली. त्यात उपरं काही नव्हतं. दुसरी वाट त्याहून सोपी. चोराचं पान एचटीटीपीएसशिवाय साध्या एचटीटीपीवर उघडलं तर सर्टिफिकेटचा प्रश्नच येत नाही, लाल पान येत नाही, फक्त पट्टीत 'सुरक्षित नाही' असे दोन शब्द कोपऱ्यात येतात. यावर उपाय म्हणून साइट्स ब्राउझरला आधीच सांगून ठेवू शकतात की आमच्याकडे एचटीटीपीएसनेच या. या पद्धतीचं नाव एचएसटीएस, ती २०१२ मध्ये प्रमाणित झाली. अशा साइटवर सर्टिफिकेट चुकीचं निघालं तर ब्राउझर 'तरीही पुढे जा' ही सोय देतच नाही. आमच्या पडद्यावर ती नव्हती. ती असती तरी आमच्या मुलीने दाबली नसती असं मला वाटतं, पण सगळ्या ऑफिसांबद्दल मी असं म्हणणार नाही.

हे सगळं आलं कुठून? त्या पहिल्या ओळींनी वाट दाखवली. जाऊबाईंना डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर हवं होतं. मशीन बसवून देणाऱ्या माणसाने ते 'क्रॅक' करून, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून, घालून दिलं. क्रॅक चालवायचं तर आधी अँटीव्हायरस बंद करायचा, मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं, आणि सॉफ्टवेअरने कंपनीला विचारू नये म्हणून होस्ट्समध्ये कंपनीच्या सर्व्हरांची नावं १२७.०.०.१ पुढे लिहायची, अशी ही ठरलेली रीत. म्हणजे मालकाच्या परवानगीने, पहारेकरी झोपवून, त्या प्रोग्रॅमच्या हाती फाइल दिली जाते. त्याने सांगितलेल्या ओळी लिहिल्या आणि न सांगितलेल्याही. क्रॅकचं झिप अजून डाउनलोड्समध्ये पडलेलं होतं. जाऊबाईंना यातलं काही सांगितलं गेलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं सॉफ्टवेअर रीतसर आहे, पैसेही त्यांनी मोजले होते. मला त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा स्वतः आला. आधी त्याने फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. पुसण्याआधी पुरावा ठेवायचा, पुढे सायबर पोलिसांकडे जायची वेळ आली तर दाखवायला काहीतरी हवं. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरची यादी लपलेल्या फाइलींसकट काढली. यामागे एक गोष्ट आहे. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांना एक व्हायरस सापडला होता. तो खरी होस्ट्स फाइल लपवून ठेवायचा आणि शेजारी दुसरी स्वच्छ फाइल मांडायचा, जिच्या नावातला 'ओ' रशियन लिपीतला होता. डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच दिसतात. माणूस स्वच्छ फाइल उघडून समाधानाने बंद करतो आणि कॉम्प्युटर लपलेली वाचत राहतो. शिवाय ही फाइल कोणत्या फोल्डरात शोधायची हे विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहिलेलं असतं, 'डेटाबेसपाथ' नावाच्या नोंदीत. ती बदलली तर ईटीसी फोल्डर कितीही चकचकीत ठेवला तरी उपयोग शून्य. तीही त्याने पाहिली. आमच्याकडे दोन्ही ठीक होतं. आमच्या चोराने फक्त रिकाम्या ओळींवर भागवलं होतं.

मग नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्या ओळी काढल्या, डीएनएसची आठवण पुसणारी 'फ्लशडीएनएस' कमांड दिली, पिंग केलं. बँकेचा खरा पत्ता आला. मी सुस्कारा टाकला. भाचा म्हणाला, "थांब, रीस्टार्ट करू." रीस्टार्ट झालं, फाइल उघडली, आणि सगळ्या ओळी परत जिथल्या तिथे.

या प्रसंगाने मला या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं ते शिकवलं. होस्ट्समधली ओळ हा आजार नसतो, आजाराची खूण असते. लिहिणारा हात मशीनमध्ये अजून जिवंत होता. टास्क शेड्युलरमध्ये लॉगिन झाल्याबरोबर चालणारं एक काम सापडलं, नाव असं की कोणाला वाटावं विंडोजचंच आहे. ते एक फाइल चालवत होतं आणि ती फाइल दर वेळी आपल्या ओळी लिहून ठेवत होती. ते काम पुसून, विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचा, म्हणजे डिफेंडरचा, ऑफलाइन स्कॅन लावून, पुढे चालवता आलं असतं. डिफेंडरने ती फाइल पकडलीही. पण ज्या मशीनवर परक्या प्रोग्रॅमला इतके दिवस ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क होते, तिथे त्याने आणखी काय ठेवलं असेल याची खात्री कोण देणार? आमच्याकडे लोकांचे पॅन, बँक खाती, सह्यांची डिजिटल टोकनं असतात. मी फॉरमॅट मारायचं ठरवलं. एक्सेल, पीडीएफ आणि टॅलीचा डेटा तेवढा घेतला, कुठलाही प्रोग्रॅम घेतला नाही. पासवर्ड सगळे बदलले, पण दुसऱ्या मशीनवरून. बँकेला फोन करून कळवलं. पैसे गेले असते तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, हा नंबर मी तेव्हापासून ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला आहे.

होस्ट्सचा हा दुरुपयोग नवा नाही. २००४ च्या जानेवारीत मायडूम नावाच्या ईमेल व्हायरसच्या दुसऱ्या अवताराने हीच फाइल बदलून अँटीव्हायरस कंपन्यांच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइट्स बंद केल्या होत्या. तेव्हा विंडोज एक्सपीचा काळ होता आणि घरोघरी सगळे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करायचे, त्यामुळे जो प्रोग्रॅम चालेल त्याला फाइल मोकळीच. व्हिस्टा या पुढच्या आवृत्तीपासून विंडोज मधेच पडदा टाकून विचारू लागलं, 'या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का?' आणि आपण सवयीने 'हो' म्हणू लागलो. तेव्हा उलटंही सांगून ठेवते: होस्ट्स स्वच्छ असली म्हणजे मशीन स्वच्छ असं मुळीच नाही. २००८ मधल्या कॉन्फिकर नावाच्या व्हायरसने होस्ट्सला हातही न लावता, मेमरीतच लुडबुड करून अँटीव्हायरसच्या साइट्स अडवल्या होत्या. डीएनएसचेंजर नावाचा व्हायरस तर कॉम्प्युटरला डीएनएस सर्व्हरच खोटा देत असे. त्याच्या टोळीला २०११ मध्ये पकडलं.

नव्या विंडोजमध्ये आम्ही दोन खाती केली. एक ॲडमिनिस्ट्रेटरचं, त्याचा पासवर्ड माझ्याकडे आणि यजमानांकडे. दुसरं साधं, रोजच्या कामाचं. साध्या खात्यातून होस्ट्स वाचता येते, बदलता येत नाही. करून पाहिलं, विंडोजने ठाम नकार दिला. 'हो' दाबून भागत नाही, पासवर्ड टाकावा लागतो, म्हणजे कोणालातरी खुर्चीतून उठून माझ्यापर्यंत यावं लागतं. या एका बदलाने जेवढी सुरक्षितता मिळते तेवढी होस्ट्स फाइलला 'रीड-ओन्ली' करून मिळत नाही. ती खूण ज्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क आहेत तो प्रोग्रॅम सहज काढतो. आमच्या मुलीला पहिले काही दिवस प्रिंटर टाकायला मला बोलवावं लागलं, त्याचा थोडा वैताग झाला. चालेल.

याच फाइलचा संरक्षणासाठीही उपयोग करतात. जाहिराती आणि फसव्या साइट्सची नावं ०.०.०.० या कुठेच न नेणाऱ्या पत्त्यापुढे लिहिलेल्या तयार याद्या मिळतात. स्टीव्हन ब्लॅक यांची गिटहबवरची यादी बरीच वापरली जाते. घरच्या कॉम्प्युटरवर मुलांसाठी मी ती घालून पाहिली. उपयोग होतो, पण मर्यादा ओळखून. या फाइलमध्ये 'या नावाने संपणाऱ्या सगळ्या साइट्स' असं लिहिता येत नाही, एकेक नाव पूर्ण लिहावं लागतं. फसव्या साइट्स तर रोज नवं नाव घेतात. यादी फार मोठी झाली की विंडोज रेंगाळू लागतं. आणि तिच्यात मायक्रोसॉफ्टच्या माहिती गोळा करणाऱ्या सर्व्हरांची नावं असली तर डिफेंडर २०२० पासून तीही 'होस्ट्स हायजॅक' म्हणून पकडतं, मग खऱ्या-खोट्या इशाऱ्यात फरक करणं अवघड होतं. ऑफिसात मी ही यादी घातली नाही. तिथे मला फाइल कोरी हवी आहे, म्हणजे एक ओळ जरी वाढली तरी डोळ्यात भरेल.

आता मी दुकानदारांकडे वह्या तपासायला जाते तेव्हा चहा येईपर्यंत त्यांची होस्ट्स फाइलही बघून घेते, मालकाला विचारून. कंट्रोल-एंड न विसरता. बऱ्याच ठिकाणी कोरी असते. काही ठिकाणी क्रॅकच्या ओळी असतात, आणि मग मी पंधरा मिनिटं बसून वर लिहिलेलं सगळं गुजरातीत सांगते. एका शाळेत मात्र वेगळंच निघालं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, शाळेची साइट नवी केली, सगळ्यांना नवी दिसते, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुनीच. फाइल उघडली तर शाळेच्या नावाची एकच ओळ, आणि पुढे एक आकडा. व्हायरस नव्हता. साइट बनवणाऱ्याने पूर्वी कधीतरी चाचणीसाठी ती लिहिली होती. साइट लोकांसमोर आणण्याआधी नवा सर्व्हर आपल्यापुरता पाहायला हीच फाइल वापरतात, कलाभवनात भाचाही तेच करतो. काम झाल्यावर ओळ काढायची राहिली, पुढे सर्व्हर पुन्हा बदलला, आणि हे एकच मशीन जुन्या पत्त्यावर जात राहिलं. बनवणाऱ्याला फोन करून खात्री केली, ओळीच्या आधी हॅश टाकला, सेव्ह केलं, आणि नवी साइट उघडली. बाईंनी लगेच कॉम्प्युटर लॅबमधली सगळी मशीनंही बघून द्यायला सांगितलं आहे. तिथे मुलं ॲडमिनिस्ट्रेटरच्याच खात्यातून बसतात, त्यामुळे आधी खाती वेगळी करायला हवीत. भाच्याच्या परीक्षा संपल्या की एका शनिवारी आम्ही दोघं जाणार आहोत.